नवा हब, जुनी रिम

रोड बाइकचं मागचं चाक एकदा मागच्या बाजूने, रिमच्या रेषेत डोळा आणून पाहा. डावीकडच्या तारा हबपासून रिमकडे तिरक्या जाताना दिसतात, उजवीकडच्या जवळजवळ उभ्या. रिम मात्र फ्रेमच्या बरोबर मध्यावर. उजवीकडे दहा-अकरा स्प्रॉकेटची कॅसेट बसवायची असते, तिच्यासाठी जागा काढावी लागते आणि ती उजव्या तारांच्या वाट्यातून काढली जाते. तार तुटली, चाकाला आऊट आला, तार आवळणारं निप्पल सैल झालं, या मागच्या चाकाच्या नेहमीच्या तक्रारींचा माग काढत गेलं, की बहुतेक वेळा आपण याच डाव्या-उजव्या असमतोलापाशी पोचतो.

म्हणूनच मागचा हब बदलणं हे पेडल किंवा सीट बदलण्यासारखं काम नाही. हब बदलला की तारांचे कोन बदलतात, लांबी बदलते, दोन्ही बाजूंच्या ताणाचं प्रमाण बदलतं. रिम जुनीच राहिली तरी चाक नवं मांडावं लागतं. ते मांडताना चाक सरळ फिरतंय का, याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: ताण सारखा वाटला गेलाय का? सरळपणा डोळ्यांना दिसतो, ताण दिसत नाही. पण चाकाचं आयुष्य ताणावर ठरतं.

हब बदलायची वेळ का येते

कधी हबच्या आतली वाटी, म्हणजे छर्रे जिच्यात फिरतात ती खाच, झिजून खड्डे पडतात. कोन (छर्ऱ्यांवर टेकणारे शंकूच्या आकाराचे नट) आणि छर्रे नवे मिळतात. वाटी बहुतेक हबमध्ये कायमची बसवलेली असते. कधी फ्रीहबचे (कॅसेट ज्यावर बसते त्या भागाचे) खटके घसरू लागतात आणि त्या जुन्या हबचा सुटा भाग मिळत नाही. पण आजकाल सर्वांत जास्त वेळा कारण असतं ते गिअरचं.

मागच्या हबची रुंदी, म्हणजे फ्रेममध्ये बसणाऱ्या दोन लॉकनटमधलं अंतर, वाढत गेलं ते स्प्रॉकेटच्या संख्येमागे. पाच स्प्रॉकेटच्या काळात ते १२० मि.मी. होतं, सहा-सात झाल्यावर १२६ आणि आठनंतर १३०. पुढे स्प्रॉकेट नऊ, दहा, अकरा झाले, तरी रिम ब्रेकच्या रोड बाइकवर रुंदी १३० वरच राहिली. २०१२ साली शिमानोने ड्युरा-एसचा ११-स्पीड संच आणला, तेव्हा रोडचा फ्रीहब आधीच्यापेक्षा १.८५ मि.मी. लांब झाला. एकूण रुंदी तीच ठेवून ही लांबी आणायची, तर हबची उजवी फ्लँज, म्हणजे तारा अडकवायची भोकांची कड, मध्याकडे सरकवण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. उजव्या तारा आधीच उभ्या होत्या, त्या आणखी उभ्या झाल्या.

म्हणून १०-स्पीडच्या चांगल्या चालत्या चाकावर ११-स्पीडची रोड कॅसेट चढवायला गेलं, की ती सहसा बसत नाही. शिमानोच्या ११-३४ मापाच्या काही ११-स्पीड कॅसेट जुन्या फ्रीहबवर बसतात. तेवढ्याने काम भागत असेल, तर चाक उसवायची गरजच नाही. नसेल, आणि रिम चांगली असेल, तर नवा हब घालून चाक पुन्हा बांधणं हा उत्तम मार्ग आहे. उलट दिशेने अडचण येत नाही: ११-स्पीडच्या हबवर १.८५ मि.मी. जाडीची चकती घालून आठ, नऊ किंवा दहाची कॅसेट वापरता येते. नवा हब घेताना फ्रेमची रुंदी मात्र मोजूनच घ्यावी. १२६ मि.मी. ची जुनी स्टीलची फ्रेम जाणकाराच्या हातून १३० पर्यंत पसरवता येते. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर तो प्रयोग कदापि करू नये.

चाक कशावर उभं असतं

बैलगाडीच्या चाकात वजन खालच्या आऱ्यावर येतं. आरा दाबला जातो आणि दाब सोसतो. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिला दाबलं तर ती वाकेल. पण ओढलं तर ती प्रचंड ताण सोसते. ताणलेल्या तारांवर चाक उभं करण्याची कल्पना सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ मध्ये आपल्या उडत्या यंत्रांसाठी मांडली. सायकलसाठी तारांच्या चाकाचं पेटंट युजीन मेयरने १८६९ मध्ये फ्रान्समध्ये घेतलं, आणि १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने हबच्या कडेला स्पर्शून जाणाऱ्या, एकमेकींना छेद देणाऱ्या तारांची रचना आणली. पेडलचा जोर हबपासून रिमपर्यंत पोचवायला ही तिरकी रचनाच लागते. आजचं चाक तत्त्वतः तेच आहे.

यात वजन नेमकं कसं पेललं जातं, हे जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात गणिताने मांडलं. स्वार बसला की जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो. बाकीच्यांचा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे तार वजन पेलते ती आपला ताण थोडा गमावून. गमवायला ताण शिल्लक असेल तोवर चाक मजबूत. ताण शून्यावर आला, की ती तार त्या क्षणापुरती कामातून गेली, तिचं निप्पल मोकळं झालं आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं उलगडू लागलं.

ताण असा कमी होऊन पुन्हा वाढणं किती वेळा घडतं? २५ मि.मी. टायरच्या रोडच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. म्हणजे २०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीत) चाक सुमारे ९५ हजार वेळा फिरतं आणि प्रत्येक तार तितक्याच वेळा सैल होऊन पुन्हा ताणली जाते. तारा तुटतात त्या एखाद्या जबर धक्क्याने क्वचितच. त्या या ये-जा करणाऱ्या ताणाने थकून तुटतात, आणि बहुधा हबमध्ये वळलेल्या कोपरापाशी.

आता डाव्या-उजव्याचा हिशोब. समजा, नव्या हबची उजवी फ्लँज मध्यापासून १७ मि.मी. वर आहे आणि डावी ३७ वर. रिम मध्यावर राहायची तर दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी हवी. उजवी तार उभी असल्याने तिच्या ताणातला थोडाच भाग आडवा लागतो. डाव्या तिरक्या तारेचा बराच. म्हणून ताणांचं प्रमाण जवळजवळ अंतरांच्या उलट येतं: डावा ताण उजव्याच्या १७ भागिले ३७, म्हणजे सुमारे ४६ टक्के. उजवीकडे १,२०० न्यूटन ताण दिला, तर डावीकडे ५५० च मिळतो. डावीकडे जास्त द्यायला गेलं, की रिम डावीकडे सरकते. हे कोणत्याही पान्याने बदलता येत नाही. हबच्या मापातच ते लिहिलेलं आहे.

बदलता येतं ते निवडीने. काही हबमध्ये डावी फ्लँजही थोडी आत घेतलेली असते. डावं अंतर ३७ ऐवजी ३४ असेल, तर प्रमाण ५० टक्क्यांवर येतं. त्या बदल्यात चाकाची आडवी कणखरता थोडी कमी होते. दुसरा मार्ग रिमचा. ज्या रिमची भोकं मध्यापासून तीन मि.मी. डावीकडे पाडलेली असतात, तिच्यावर अंतरं २० आणि ३४ झाल्यासारखी वागतात, आणि प्रमाण एकदम ५९ टक्के होतं. तिसरा मार्ग तारांचा: डावीकडे बारीक तारा. ५५० न्यूटनच्या ताणाने १.८ मि.मी. ची तार सुमारे ०.३२ मि.मी. लांबते, तर १.५ मि.मी. ची ०.४५. जास्त लांबलेली तार खड्ड्यात गेल्यावर उशिरा सैल पडते. बारीक तार इथे जास्त टिकते, हे पहिल्यांदा ऐकताना उफराटं वाटतं, पण थकव्याच्या हिशोबात ते अगदी बरोबर आहे.

लांबीचं गणित

जुन्या तारा नव्या हबवर वापराव्यात का? सहसा नाही. कोपर जुन्या फ्लँजला बसून गेलेले असतात, हजारो किलोमीटरचा थकवा आत साठलेला असतो, आणि बहुतेक वेळा लांबीच जुळत नाही.

लांबी काढायला चार मापं लागतात. पहिलं, रिमचा ईआरडी, म्हणजे तारांची टोकं निप्पलच्या आत जिथे संपायला हवीत त्या वर्तुळाचा व्यास. कंपनीने छापलेला आकडा असला तरी स्वतः मोजावा. दोन जुन्या तारा आटे शाबूत ठेवून बरोबर २०० मि.मी. लांबीच्या कापायच्या, त्यांना निप्पल लावून रिमच्या समोरासमोरच्या भोकांत बसवायचं आणि ताणून धरून मधली फट मोजायची. फट अधिक ४०० म्हणजे ईआरडी. रिमवर तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. दुसरं माप फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, तिसरं फ्लँजचं मध्यापासूनचं अंतर, चौथं तारांची संख्या आणि छेद.

बत्तीस तारांच्या, तीन छेदांच्या चाकात एका बाजूला १६ तारा असतात. दोन शेजारच्या भोकांतला कोन २२.५ अंश, म्हणून तीन छेदांना ६७.५ अंश. आता ईआरडीच्या निम्म्याचा वर्ग, फ्लँजच्या त्रिज्येचा वर्ग आणि मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करायची, त्यातून दोन्ही त्रिज्या आणि या कोनाची कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करायची, वर्गमूळ काढायचं, आणि फ्लँजच्या भोकाची त्रिज्या वजा करायची. शाळेत शिकलेला त्रिकोणाचा कोसाइन नियमच आहे हा, तिसऱ्या मितीत थोडा ताणलेला.

ईआरडी ६००, फ्लँजचा व्यास ४५, अंतरं १७ आणि ३७, भोक २.६ मि.मी. धरलं, तर उजवी तार २९१.३ आणि डावी २९३.२ मि.मी. येते. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लांबीच्या तारा लागतात, त्या यामुळे. हबची उजवी फ्लँज ४५ ऐवजी ५२ मि.मी. व्यासाची निघाली, तर उजवी तार २९०.२ वर येते. फरक १.१ मि.मी. चा. निप्पलचा एक पूर्ण फेरा तारेला ०.४५ मि.मी. ओढतो, म्हणजे हा जवळजवळ अडीच फेऱ्यांचा फरक झाला. तार लांब पडली तर आटे संपतात आणि निप्पल पुढे फिरतच नाही. आखूड पडली तर निप्पलच्या डोक्यापर्यंत तार पोचत नाही आणि काही महिन्यांनी डोकं तुटून हातात येतं.

उसवणं आणि विणणं

जुनं चाक उसवण्याआधी कॅसेट काढून घ्यावी. हब जुन्या पद्धतीचा, आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलचा असेल, तर हे फार महत्त्वाचं. पायडल मारताना फ्रीव्हील आवळत जातं, आणि ते सोडवायला सगळं चाक हातात धरून जोर लावावा लागतो. तारा कापल्यावर नुसता हब धरून ते सुटणं जवळपास अशक्य. शिमानोने १९७८ मध्ये ड्युरा-एसमध्ये फ्रीहब आणला, त्याने ही कटकट मिटवली. त्याहून मोठं काम त्याने आसाचं केलं: उजवे छर्रे बाहेर, फ्रेमच्या जवळ गेले, आणि वारंवार वाकणारे-तुटणारे मागचे आस टिकू लागले.

तारा ताणात असताना कापू नयेत. आधी सगळी निप्पल अर्धा-अर्धा फेरा सोडत चाकाभोवती दोन-तीन वेळा जावं, मगच कापावं. बत्तीस तारांत मिळून २८ हजार न्यूटन, म्हणजे पावणेतीन टनांहून जास्त ओढ भरलेली असते. ती एका बाजूने सोडली की रिम मुरडते. रिम मोकळी झाली की सपाट टेबलावर ठेवून पाहावी. ती चारी बाजूंनी टेकायला हवी. ब्रेकचे रबर घासणाऱ्या पट्ट्यावर मोजपट्टीची धार आडवी ठेवावी. मध्ये खोलगट फट दिसली, तर ती रिम झिजलेली आहे, तिच्यावर नवा हब आणि नव्या तारा खर्ची घालू नयेत. भोकांभोवती बारीक चिरा असतील तरीही तेच.

विणकामाला सुरुवात उजव्या फ्लँजपासून. पहिल्या आठ तारा एक भोक सोडून एक, डोकं बाहेर राहील अशा घालायच्या आणि रिमवर दर चौथ्या भोकात न्यायच्या. त्यातली पहिली व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी. रिमची भोकं आलटून-पालटून उजवीकडे-डावीकडे कललेली असतात; उजवी तार उजव्या भोकातच जायला हवी. मग डाव्या आठ. मग हब फिरवून या तारा तिरप्या करायच्या आणि उलट दिशेच्या उरलेल्या सोळा घालायच्या. यातली प्रत्येक तार आपल्या बाजूच्या तीन तारा ओलांडते, पहिल्या दोघींच्या वरून आणि तिसरीच्या खालून. हा शेवटचा गुंता मुद्दाम असतो: एकीला झटका बसला की दुसरी तो थोडा वाटून घेते. सगळं बरोबर जमलं असेल, तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना समांतर जातात आणि पंपाचं तोंड आत सहज शिरतं. नसेल, तर एखादी तार एक भोक चुकली आहे. ताण देण्यापूर्वी ती शोधावी.

ताण देणं

आट्यांना आणि निप्पलच्या बुडाला तेलाचा थेंब लावून सगळी निप्पल सारखी आवळायची: आटे जेमतेम दिसेनासे होईपर्यंत. इथून पुढे चाकाभोवती पूर्ण फेरी घालून प्रत्येक निप्पल अर्धा फेरा, मग पुन्हा अर्धा, आणि ताण वाढत गेला की पाव. एकच निप्पल खूप आवळायचा मोह टाळावा. उंच-सखलपणा कमी ताणात, आधी काढावा. आडवा आऊट त्यानंतर. रिम उजवीकडे कलली असेल तर तिथल्या डाव्या तारा आवळाव्यात आणि तेवढ्याच उजव्या सोडाव्यात. नुसतं आवळत गेलं तर उंची बिघडते. दर दोन फेऱ्यांनंतर डिश तपासावी, म्हणजे रिम दोन लॉकनटच्या बरोबर मध्ये आहे का ते पाहावं. गेज नसेल, तर चाक फ्रेममध्ये उलटं करून बसवावं. ब्रेकच्या रबरापासूनचं अंतर दोन्ही वेळा सारखं आलं पाहिजे.

ताण वाढला की निप्पलबरोबर तारही पिळली जाते. हाताला वाटतं पाव फेरा फिरला. प्रत्यक्षात तार थोडी मुरगळलेली असते आणि रस्त्यावर ‘टिंग’ आवाज करत सुटते, आणि चाकाला पुन्हा आऊट येतो. म्हणून आवळताना किंचित जास्त फिरवून तेवढंच मागे आणावं.

टेन्शन मीटर असेल तर उत्तम. नसेल तर कान आहेत. तारांचे छेद आणि रिम यांच्या मधला भाग बोटाने छेडावा. एका बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी खाली उतरलेली असेल, तर रिम कितीही सरळ दिसो, ती तार आळशी आहे आणि तिच्या शेजारणी तिचं ओझं वाहताहेत. दोन बाजूंच्या सुरांतलं अंतरही ठरलेलं असतं. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. आपल्या हबवर ताणांचं प्रमाण ३७ ला १७, त्याचं वर्गमूळ सुमारे १.४८. दोन्हीकडे सारख्याच जाडीच्या तारा असतील, तर डाव्या तारेला षड्ज मानल्यावर उजवी पंचमाच्या किंचित खाली लागते. भोकं सरकवलेली रिम वापरली तर हे अंतर मध्यमाच्या आसपास येतं. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला या कामात मीटरची फारशी गरज पडणार नाही.

शेवटचं काम पुष्कळ जण टाळतात, आणि तेच टाळू नये. जवळजवळ समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही बाजूंच्या एकदम मुठीत धरून जोरात दाबाव्यात; हातमोजे घालावेत. कारखान्यात कोपर वळवताना धातूत राहिलेला आतला ताण या क्षणिक जास्तीच्या ओढीने निवतो आणि कोपर फ्लँजला नीट बसतात. दाबल्यावर चाक थोडं हललं, तर पुन्हा सरळ करावं, पुन्हा दाबावं, काहीही हलेनासं होईपर्यंत. मग क्विक रिलीजच्या हबमध्ये कोन किंचित ढिले ठेवावेत. चाक फ्रेममध्ये आवळल्यावर तो ढिलेपणा जातो. बाहेर असतानाच अगदी घट्ट केलेले कोन आत गेल्यावर छर्रे चिरडतात.

असं चाक का बांधावं

तयार चाकं पुष्कळ मिळतात, त्यांतली काही हलकी आणि सुंदर असतात. पण त्यांतल्या अनेकांच्या तारा खास घडणीच्या असतात. घाटात एक तुटली, तर जवळच्या गावात ती मिळत नाही आणि अठरा-वीसच तारांचं चाक लगेच ब्रेकला घासू लागतं. ब्रिटिश घडणीच्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, कारण त्यांच्यावर माणसाबरोबर दुधाची कॅनही जायची. रोड बाइकला एवढ्या लागत नाहीत, पण आपल्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर मागे ३२ तारा, साधी वळलेल्या कोपराची तार आणि पितळेची निप्पल ही निवड मला सर्वांत शहाणपणाची वाटते. एक तार गेली तरी उरलेल्या एकतीस घरी पोचवतात, आणि नवी तार अर्ध्या तासात बसते.

त्याहून मोठी गोष्ट ही, की असं चाक सुटं करता येतं. रिम झिजली तर रिम बदला, हब गेला तर हब. एक चांगला हब दोन-तीन रिमा सहज पाहतो. बांधलेलं चाक शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा तपासावं, तारा छेडून पाहाव्यात, सूर उतरलेला असेल तिथे पाव फेरा द्यावा. पुढे वर्षानुवर्षं ते फार काही मागत नाही. लांबी मोजून घेतली, घाई न करता फेऱ्या घातल्या आणि सरळपणाच्या आधी ताण पाहिला, तर पहिलं चाकसुद्धा चांगलं बांधता येतं. यात लागणाऱ्या गोष्टी शाळेतली भूमिती, एक पाना आणि चिकाटी एवढ्याच आहेत. ज्याच्याकडे सायकल आहे, त्याने हे एकदा तरी स्वतःच्या हाताने करावं.